ओली कड

फोटो उतरवायला गुरवमामांनी नकार दिला, तेव्हा दत्तोपंत मोघे स्वतःच खुर्चीवर चढले.

“पंत, माझ्या हातानं न्हाई व्हायचं ते,” शाळेचे शिपाई गुरवमामा टोपी काढून उभे होते. “घंटा द्या म्हणाल तर देतो. अंगण झाडा म्हणाल तर झाडतो. पर मोठ्या बाईंना खाली उतरवायचं मला सांगू नगा.”

“बाईंना कोण उतरवतंय? बाई जाऊन दोन वर्षं झाली. मी फोटो उतरवायला सांगतोय.”

“फोटोत बाईच हायेत न्हवं?”

दत्तोपंत हसले. ते संस्थेचे कार्यवाह होते आणि नोकरांच्या बोलण्यावर हसणे हा मोठेपणा आहे अशी त्यांची समजूत होती. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, खुर्ची व्यासपीठावरील भिंतीला लावली आणि वर चढून दोन्ही हातांनी चौकट उचलली. आम्ही सारा शिक्षकवर्ग खाली ओळीने उभा होतो. मार्गशीर्षातली संध्याकाळ होती. पश्चिमेच्या खिडकीतून आलेले ऊन तिरपे होऊन त्या भिंतीवर पसरले होते. चौकट हलली तशी काच लखकन चमकली आणि दत्तोपंतांनी डोळे मिटून घेतले.

“काय पण उजेड आहे,” ते म्हणाले.

 मी भिंतीवरच्या उन्हाकडे पाहिले.

आमचे गाव कृष्णाकाठचे. तेथील कन्याशाळा द्वारकाबाई लिमये यांनी उभी केली. त्यांना सारे गाव ‘मोठ्या बाई’ म्हणे. घरोघर जाऊन, कित्येकदा उंबऱ्याबाहेर उभे राहून, त्यांनी लोकांच्या मुली मागून आणल्या आणि शिकवल्या. त्या मुलींमधली एक मी, सुभद्रा पटवर्धन. संस्कृताचे पहिले रूप मी त्यांच्या मांडीशी बसून घोकले आणि पुढे त्यांच्याच शाळेत तोच विषय शिकवू लागले. त्यांच्या निधनानंतर माजी विद्यार्थिनींनी त्यांची तसबीर सभागृहात लावली. तिची चौकट शिसवी आणि लंबगोल होती. तशी चौकट गावात दुसऱ्या कोणाच्या घरी नव्हती. सभागृहात पाऊल टाकले की आधी त्या तसबिरीला नमस्कार करायचा आणि मग जागेवर बसायचे, असा प्रघात पडला. तो कोणी घालून दिलेला नव्हता. एका मुलीने केला, तो दुसरीने पाहिला, एवढेच.

“संक्रांतीला या सभागृहाला तीर्थरूपांचे नाव द्यायचे आहे,” दत्तोपंत खाली उतरून म्हणाले. “कै. गणेशपंत मोघे सभागृह. तेव्हा ही भिंत अगदी कोरी हवी. खिळासुद्धा नको.”

“आणि फोटो कुठे लावायचा?” मी विचारले.

“काच जरा मळली आहे. साफ करायला पाठवू.”

त्यांनी तसबीर बगलेत मारली आणि ते निघाले. दाराशी गुरवमामा उभे होते. दत्तोपंत त्यांच्याकडे न बघता बाहेर पडले.

माझ्या मनात जे चालले होते ते त्या एका दिवसाचे नव्हते. त्याचे मूळ मोठ्या बाईंच्या अखेरच्या स्नेहसंमेलनात होते. बाई थकल्या होत्या. आशीर्वादाचा श्लोक म्हणता म्हणता त्या थांबल्या. पुढचा चरण त्यांना आठवेना. सभागृह गच्च भरले होते. मी पहिल्या ओळीतून ओठ हलवून तो चरण त्यांना सुचवीत होते. त्यांचे लक्ष माझ्याकडे वळायचेच होते, एवढ्यात दत्तोपंत उठले आणि त्यांनी बाईंच्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेतला.

“बाईंना आता विश्रांतीची गरज आहे,” ते म्हणाले. “मुलींनो, टाळ्या वाजवा.”

मुलींनी टाळ्या वाजवल्या. सांगितले की करायचे, हेच आम्ही त्यांना शिकवले होते. बाईंचा हात मात्र तसाच वर राहिला. मूठ अर्धी मिटलेली, जणू ध्वनिक्षेपक अजून तिच्यात आहे. किती वेळ त्या तशा उभ्या होत्या ते मला सांगता येणार नाही. त्यानंतर त्यांनी शाळेत पाऊल ठेवले नाही आणि वर्ष पुरे होण्याच्या आत त्या गेल्या.

फोटो उतरवल्यानंतर थोड्याच दिवसांनी गुरवमामा माझ्या घरी आले. खांद्यावरच्या पोत्यात काहीतरी जपून गुंडाळले होते.

“कोळशाच्या खोलीत व्हता,” ते ओटीवर टेकत म्हणाले. “काच फुटलीया. बाईंच्या तोंडावर कोळसा बसला व्हता, म्या उपरण्यानं पुसला. शाळंत ठिवायला जागा न्हाई म्हणून हितं आणला.”

मी चौकट हातात घेतली. काचेचे तुकडे वेचले. बाईंचा चेहरा शाबूत होता.

“मामा, ज्या हातांनी हा उतरवला त्याच हातांनी तो परत चढला पाहिजे.”

“ते व्हय?” मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. “पंत काय तसं करायचं न्हाईत, बाई.”

“आपण होऊन करायचे नाहीत.”

त्या रात्री देवापुढे दिवा लावताना मी हात जोडले आणि पहिल्यांदाच काही मागितले नाही. मागण्यासारखे जे होते ते देवाकडे मागण्याजोगे नव्हते.

नाताळच्या सुट्टीपूर्वी शिक्षकसभा झाली. सभागृहाचा रंग शिक्षकांनी श्रमदानाने द्यावा, म्हणजे वर्तमानपत्रात चांगले छापून येईल, असा दत्तोपंतांचा विचार पडला. चित्रकलेच्या शिक्षिका मालती घोरपडे यांच्याकडे देखरेख दिली. त्यांचे यजमान पाट्या रंगवीत. कोल्हापूरहून आणलेले लोकरीचे रोलर त्यांच्याकडे होते. त्या काळी आमच्या गावात भिंतीला कुंचाच लागत असे. रोलर ही नवलाई होती.

“व्यासपीठाची भिंत कोण घेणार?” दत्तोपंतांनी विचारले.

“मी घेते,” मी म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. दत्तोपंतांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले.

“वा, सुभद्राबाई. मला वाटलं होतं, तुम्ही अजून रुसलेल्या असाल. श्लोक पुष्कळ झाले, आता जरा हातही चालू दे.”

“चालू देते,” मी म्हणाले.

मालतीबाईंनी मला बाहेर गाठले. त्या साताऱ्याकडच्या, तोंडाच्या फटकळ आणि मनाच्या निर्मळ.

“अहो, तुम्हाला झालंय काय? बाईंचा फोटो काढला ती भिंत तुम्ही रंगवणार? तुमच्या जागी मी असते तर रंगाचा डबाच ओतला असता त्याच्या टकलावर.”

“टकलावरचा रंग धुतला जातो, मालतीबाई. तुम्ही मला रोलर शिकवा.”

त्यांनी मला मनापासून शिकवले. सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यात, कोणाचे लक्ष जाणार नाही अशा भिंतीवर आम्ही सुरुवात केली. मी पदर कमरेला खोचला होता आणि केसांना फडके बांधले होते.

“आधी भोकं लांबीनं भरायची,” त्या म्हणाल्या. लांबी म्हणजे खडूची पूड आणि तेल मळून केलेला लगदा. “वाळली की पॉलिशपेपरनं घासायची. हात फिरवून बघायचा, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. मग अस्तराचा एक हात आणि रंगाचे दोन हात. रंग जुन्या पातळातून गाळून घ्यायचा, नाहीतर गुठळ्या येतात.”

“आणि रोलर?”

“तो आधी ओला करून पिळायचा. ताटलीत बुडवायचा नाही, नुसता लोळवायचा. टपटपला तर समजा जास्त झाला. हं, आता भिंतीवर नागमोडी ओढा. दाबू नका हो. पोळी लाटताय का? हलकं. आता तेच आडवं पसरा. आणि शेवटी वरून खाली, एकाच दिशेनं, नुसता हात ठेवल्यासारखं.”

माझा पहिला पट्टा जाड आला आणि दुसरा कोरडा. मालतीबाई हसल्या.

“शिकाल. सगळ्यात महत्त्वाचं सांगते, ते ध्यानात धरा. कड ओली पाहिजे. एक पट्टा मारला की त्याची कड वाळायच्या आत दुसरा पट्टा तिच्यावर चढला पाहिजे. मग दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि भिंत अशी दिसते की जणू एकाच वेळी ओतली. मध्येच चहाला गेलात, कुणाशी बोलत बसलात, कड वाळली, की संपलं. मग ती जन्मभर तशीच राहते.”

“दिसते का ती?”

“समोरून नाही दिसत. तीच तर गंमत आहे. समोर उभं राहून बघा, भिंत आरशासारखी. पण बाजूनं तिरपा उजेड आला की कड अशी उठून दिसते, जणू भिंतीला वळ आलाय. आमच्या ह्यांनी एका सावकाराचं घर असंच बिघडवलं होतं. संध्याकाळ झाली की बैठकीत पट्टे दिसायचे.”

“त्यावर पुन्हा रंग दिला तर?”

“तर काय? वर रंग बसतो, पण उंचवटा तसाच राहतो. खरवडून काढायचं म्हटलं तर चुन्याचा जुना गिलावा हाताला यायचा.” त्यांनी रोलर माझ्या हातात परत दिला. “म्हणून म्हणते, कड ओली ठेवा.”

“ओली ठेवीन,” मी म्हणाले.

सुट्टी लागली. इतर भिंतींचे काम सगळ्यांनी मिळून, हसतखेळत उरकले. व्यासपीठाची भिंत मी एकटीने घेतली. सकाळी लवकर येत असे, दार लोटून घेत असे. येताना पिशवीत डबा असे आणि एक घडी घातलेला जाड कागद असे. खिळ्याचे भोक मी लांबीने भरले, घासले, त्यावरून हात फिरवला. तेथे कधी काही टांगले होते हे बोटांनाही कळेना. दत्तोपंतांना जे हवे होते ते मी अगदी मनोभावे केले.

अस्तर वाळल्यावर मोतिया रंगाचा पहिला हात सुरू केला, तेव्हा मालतीबाई डोकावल्या.

“अहो, मधूनच काय सुरू केलंत? कोपऱ्यापासून घ्यायचं असतं.”

“मला मधूनच घ्यायचे आहे.”

“बरं बाई.” त्या थोड्या पुढे आल्या. मी भिंतीच्या मध्यभागी, माझ्या डोक्याच्या वर, एक तुकडा भरपूर रंगाने रंगवला. शेवटचा हात वरून खाली हलकेच फिरवला आणि रोलर पाण्याच्या बादलीत ठेवून दिला. मग हात धुतले आणि व्यासपीठाच्या पायरीवर बसून डबा उघडला.

“आता हे काय?”

“जेवते.”

“आत्ता? अहो, ती कड वाळेल.”

“या, तुम्हीही बसा. मेथीचे पराठे आहेत.”

मालतीबाईंनी भिंतीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पायरीवर पडलेल्या कागदाकडे पाहिले. मग त्या माझ्याजवळ बसल्या आणि त्यांनी पराठ्याचा तुकडा मोडला. कड पूर्ण वाळेपर्यंत आम्ही दोघी इकडच्यातिकडच्या गोष्टी बोलत राहिलो. त्यांच्या सासूबाईंच्या गुडघेदुखीबद्दल, सहामाहीच्या निकालाबद्दल. उठताना त्या एवढेच म्हणाल्या, “दुसऱ्या हाताच्या वेळी रोलरची कड किंचित दाबा. जास्त नको.”

उरलेल्या भिंतीला मात्र मी कड क्षणभरही वाळू दिली नाही. शिडी सरकवीत, पट्ट्यावर पट्टा चढवीत मी अशी रंगवत गेले, जशी वेदपाठी ब्राह्मणाची संथा चालते, कोठे श्वास घेतला ते कळू न देता. दुसरा हातही तसाच. त्या दिवसांत मला थकवा कसला तो जाणवला नाही.

सुट्टी संपताना दत्तोपंत पाहणीला आले. त्यांनी सारे दिवे लावायला सांगितले, व्यासपीठासमोर उभे राहून भिंत न्याहाळली, जवळ जाऊन तळहात फिरवला.

“अप्रतिम,” ते म्हणाले. “कुठे पट्टा नाही, डाग नाही. काय हो घोरपडेबाई, तुमची विद्यार्थिनी तुमच्याही पुढे गेली.”

“त्यांनी जीव ओतलाय,” मालतीबाई म्हणाल्या.

“संक्रांतीच्या समारंभात मी त्यांचा सत्कार करणार आहे. लोकांनाही दिसू दे, की जुने सोडून पुढे कसे जावे.”

“आपली इच्छा,” मी म्हणाले.

संक्रांतीच्या दिवशी दुपारपासून सभागृह भरू लागले. गावातल्या बायका हळदीकुंकवाचे निमित्त करून आल्या होत्या. त्यांच्यातल्या बहुतेक मोठ्या बाईंच्या विद्यार्थिनी. कोणाच्या कडेवर नातवंड होते, कोणी काळी चंद्रकळा नेसलेली होती. दारातून आत येताना प्रत्येकीचे हात सवयीने जोडले जात आणि समोर कोरी भिंत पाहून तसेच अर्ध्यावर थांबत. मग त्या हात खाली घेत आणि जागा शोधत. मी दाराशी उभी राहून तिळगूळ देत होते. मला ते अर्धवट हात एकेक करून दिसत होते.

ऊन पाहुण्यांच्या डोळ्यांवर येईल म्हणून पश्चिमेच्या खिडकीची लाकडी दारे लावून घेतली होती. व्यासपीठावर दिवे होते. गणेशपंतांच्या नावाची पाटी दाराबाहेर उघडली गेली. भाषणे झाली. मग दत्तोपंतांनी माझे नाव घेतले. मी वर गेले. त्यांनी मला शाल दिली, नारळ दिला.

“या भिंतीकडे पाहा,” ते ध्वनिक्षेपकावर म्हणाले. “पाटी पुसावी तशी स्वच्छ. सुभद्राबाईंनी स्वहस्ते ही भिंत रंगवली. नवे लिहायचे तर आधी जुने पुसावे लागते, हे त्यांनी आपल्याला शिकवले आहे. टाळ्या वाजवा.”

टाळ्या वाजल्या. मी नमस्कार केला आणि नारळ छातीशी धरून खाली उतरले. पण जागेवर गेले नाही. पश्चिमेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

“जरा कोंडल्यासारखे होते आहे,” जवळ बसलेल्या बायकांना मी म्हणाले. “खिडकी उघडू का?”

“उघडा की, बाई. जीव घाबरा झालाय.”

मी कडी काढली आणि दोन्ही दारे सावकाश उघडली.

पौष महिन्यातला सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. मावळताना तो त्या खिडकीतून व्यासपीठामागच्या उत्तरेच्या भिंतीवर असा तिरका येतो, की भिंतीवरची सुताएवढी उंचीही सावली टाकते. हे मला खगोल शिकून नव्हे, तर दोन हिवाळे त्या तसबिरीच्या काचेवर चमकणारे ऊन पाहून माहीत झाले होते.

ऊन भिंतीवर चढले. आणि दत्तोपंतांच्या डोक्यावर, कोऱ्या मोतिया रंगात, मोठ्या बाईंची लंबगोल चौकट उमटली. चित्र नव्हते, अक्षर नव्हते. नुसती कड, घरातल्या चौकटीवरून कापलेल्या त्या जाड कागदाच्या मापाची. पण तसा आकार गावात एकच होता आणि जागाही एकच होती.

 तिसऱ्या रांगेत बसलेल्या, पाठीत वाकलेल्या गोदूताई साने, मोठ्या बाईंनी उंबऱ्यावरून मागून आणलेल्या पहिल्या मुलींपैकी एक, शेजारणीच्या खांद्याचा आधार घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. त्यांच्या मागची उठली. मग तिच्या मागची. बघता बघता सारे सभागृह उभे होते आणि हात जोडलेले होते.

दत्तोपंतांनी ते पाहिले. त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटले, हा मान त्यांच्या वडिलांचा, कदाचित त्यांचाही. त्यांनी हसून, मान लववून, सगळ्यांना उलट नमस्कार केला. एकदा केला. बायकांचे हात खाली येईनात म्हणून पुन्हा केला. मग त्यांच्या ध्यानात आले की कोणाचीही नजर त्यांच्या चेहऱ्यावर नाही. साऱ्यांची त्यांच्या डोक्याच्या वर आहे. त्यांनी वळून वर पाहिले. इतक्या जवळून आणि खालून त्यांना काही दिसण्यासारखे नव्हते. त्यांना एक स्वच्छ भिंत दिसली.

“काय आहे?” त्यांनी पहिल्या रांगेत विचारले. “काय पाहता?”

“काही नाही हो, पंत,” कोणीतरी म्हणाले. “भिंत फार छान झालीय.”

ते पुन्हा समोर वळले. बायका अजून उभ्याच होत्या. त्यांनी घाम पुसला. जोडलेले हात सोडावेत की तसेच धरावेत ते त्यांना कळेना. मी खिडकीजवळ उभी होते. माझ्या आयुष्यात मला त्याहून गोड तिळगूळ मिळालेला नाही, हे मी आजही लाज न बाळगता लिहिते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सभागृहात एकटेच बाकावर बसले आणि त्यांना ते दिसले. त्यानंतर जे झाले ते गावाने मोठ्या चवीने पाहिले. आधी त्यांनी परगावचा रंगारी आणून भिंतीला आणखी एक हात दिला. कड तशीच राहिली. रंगाऱ्याने सांगितले की खरवडायचे तर गिलावा पाडावा लागेल. वडिलांच्या नावाने उघडलेल्या सभागृहाची भिंत महिन्याच्या आत पाडणे शोभले नसते. मग त्यांनी गणेशपंतांचा फोटो आणून त्या जागी टांगला. तो चौकोनी आणि लहान होता. ऊन आले की त्याच्या चारी बाजूंनी लंबगोल दिसू लागे.

“बघा तरी,” मालतीबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “मोघेआजोबा मोठ्या बाईंच्या कडेवर बसलेत.”

तो विनोद शाळाभर झाला, मग गावभर. संध्याकाळच्या प्रार्थनेला मुली पुन्हा हात जोडू लागल्या. शिक्षणाधिकारी भेटीला आले, तेव्हा त्यांनी विचारले की या मुली कोणाला नमस्कार करतात. सातवीतल्या एका मुलीने, गणेशपंतांचा फोटो समोर असताना, सरळ उत्तर दिले, “मोठ्या बाईंना.” त्याच संध्याकाळी गणेशपंत भिंतीवरून उतरले.

आणि दत्तोपंत माझ्या घरी आले. ओटीवर उभे राहिले. मी ‘बसा’ म्हणेपर्यंत बसले नाहीत.

“सुभद्राबाई, तो फोटो तुमच्याकडे आहे असं ऐकतो.”

“आहे. काच नवी बसवली आहे. तुमच्या कोळशाच्या खोलीत ती फुटली होती.”

त्यांनी खाली पाहिले. “तो परत लावावा म्हणतो. तेवढाच ती जागा झाकू शकेल. गुरवाला पाठवतो न्यायला.”

“गुरवमामांनी तो उतरवला नव्हता.”

 ते म्हणाले, “तुमचा हट्टच असेल तर मी लावीन. रविवारी, शाळेत कोणी नसताना.”

“उतरवताना सगळे शिक्षक उभे होते, दत्तोपंत. उद्या शाळा सुटल्यावर या.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सारे पूर्वीसारखेच ओळीने उभे राहिलो. खिडकी उघडी होती, ऊन भिंतीवर होते, कड स्पष्ट दिसत होती. दत्तोपंतांनी खुर्ची लावली, खिळा ठोकला, आणि शिसवी चौकट दोन्ही हातांनी वर धरली. ती जड होती. खिळ्यात अडकवून त्यांनी मागे न बघता विचारले, “झालं?”

“सोडू नका,” मी म्हणाले. “हलली आहे. थोडी डावीकडे.”

त्यांनी डावीकडे घेतली.

“आता उजवीकडे, किंचित.”

त्यांनी उजवीकडे घेतली.

“खालची बाजू पुढे येते आहे. धरून ठेवा.”

त्यांनी धरून ठेवली. त्यांच्या कोपरांना कंप सुटला. घामाने सदरा पाठीला चिकटला. चौकट भिंतीवरच्या कडेवर आधीच अचूक बसली होती. हे माझ्या बाजूला उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होते. कोणीही बोलले नाही. मालतीबाईसुद्धा नाही.

“बाई,” दत्तोपंत भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “हात भरून आले. अजून किती वेळ?”

“मोठ्या बाईंनी विचारले नव्हते,” मी म्हणाले.

त्यांची पाठ ताठ झाली.  हात तसेच वर धरून ते उभे राहिले. मी उन्हाकडे पाहत होते. ते भिंतीवरून हळूहळू सरकले, चौकटीच्या वरच्या टोकाशी रेंगाळले आणि विझले.

“आता बरोबर आहे,” मी म्हणाले.

ते खुर्चीवरून उतरले. दोन्ही हात त्यांना लगेच खाली घेता येईनात. कोणाकडेही न पाहता ते आमच्या ओळीसमोरून चालत दारापर्यंत गेले.

दाराशी गुरवमामा टोपी हातात धरून उभे होते. ते बाजूला झाले नाहीत.

“पंत,” ते हळूच म्हणाले, “नमस्कार राह्यला.”

दत्तोपंत थांबले. वळले. थरथरणारे हात त्यांनी कसेबसे एकमेकांजवळ आणले आणि जोडले.